गोळी चालू असताना नशा चढत नाही, म्हणजे नक्की काय होतं?

डिप्रेशनच्या गोळ्या आणि नशा या एकाच विषयावर एवढे प्रश्न साठलेत की यावेळी दुसरं काही घेतच नाहीये. नावं सगळ्यांची काढून टाकलीत, बऱ्याच जणांनी तशीही लिहिली नव्हती. एक आधीच सांगून टाकते, मी इथे कोणाला झापायला बसलेले नाही. नशा करू नका हे सांगणारे घरीदारी भरपूर आहेत आणि ते बरोबरच सांगतात, पण ज्यांनी आधीच करून झालंय त्यांना शरीरात काय घडतं ते कोणीतरी सरळ सांगायला हवं ना.

प्रश्न: डॉक्टर, मी २६ वर्षांचा आहे. आठ महिने एस्सिटालोप्रॅम चालू आहे आणि बरंच बरं वाटतंय. मागच्या महिन्यात मित्रांबरोबर एक्स्टसी घेतली. बाकी सगळे ढगात आणि मी आपला भिंतीला टेकून मोबाईल बघतोय. तासाभराने अजून एक घेतली तरी तेच, फक्त जबडा आवळला गेला, छाती धडधडत राहिली आणि रात्रभर झोप नाही. मित्र म्हणतो चार दिवस तुझी गोळी बंद ठेव मग बघ. खरं आहे का हे?

उत्तर: मित्राचं निरीक्षण बरोबर आहे, सल्ला मात्र पार चुकीचा.

आधी निरीक्षणाचं बघू. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना सेरोटोनिन सोडते आणि काम झालं की ते परत आत ओढून घेते. हे आत ओढणारं जे दार आहे त्याला ट्रान्सपोर्टर म्हणतात. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी एसएसआरआय मंडळी त्याच दारात ठाण मांडून बसतात, सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ राहतं आणि काही आठवड्यांनी माणसाला हळूहळू बरं वाटायला लागतं. आता एक्स्टसी म्हणजे एमडीएमए, तिलाही त्याच दारातून आत शिरायचं असतं. आत गेली की ती दार उलटं फिरवते आणि साठवलेलं सेरोटोनिन भसकन बाहेर येतं, ते ढगात जाणं, अनोळखी माणसाला मिठ्या मारणं यातूनच येतं. दारात आधीच कोणीतरी बसलंय म्हटल्यावर हे घडणार कसं? निरोगी स्वयंसेवकांना आधी सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन देऊन मग एमडीएमए देण्याचे प्रयोग झालेत आणि त्यात परिणाम फिका पडलेला स्पष्ट दिसला. म्हणजे तुला जे झालं ते मनाचे खेळ नव्हते.

पण गंमत इथेच संपते. एमडीएमए एकट्या सेरोटोनिनवर काम करत नाही. नॉरएड्रेनालिन नावाच्या दुसऱ्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं दार वेगळं आहे, ते तुझ्या गोळीने बंद होत नाही, आणि नाडी, बीपी, घाम, आवळलेला जबडा यात त्याचा मोठा हात असतो. त्या प्रयोगांत धडधडसुद्धा थोडी कमी झाली होती हे खरं, पण तिथे डोस मोजून एकदाच दिलेला आणि शेजारी डॉक्टर बसलेले. तू काय केलंस, चढली नाही म्हणून दुसरी घेतलीस. डोक्याला काही कळलं नाही पण हृदयाला दोन्ही गोळ्यांचा हिशोब लागला. 'चढली नाही' म्हणजे 'लागली नाही' असं समजणं हीच यातली सगळ्यात मोठी फसगत, पुढच्या प्रश्नांतही हेच दिसेल.

पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिनवाल्यांसाठी तर अजून एक भानगड आहे. लिव्हरमध्ये सीवायपी २डी६ नावाचं एक एन्झाइम असतं, एमडीएमए मोडायचं बरंचसं काम त्याच्याकडे असतं, आणि या दोन गोळ्या त्यालाच गप्प करतात. मग मजा कमी आणि रक्तातलं प्रमाण उलट जास्त. एस्सिटालोप्रॅम त्या मानाने त्या एन्झाइमला फारसं छेडत नाही, पण म्हणून सुटलो असं नाही, कारण एक्स्टसी म्हणून हातात आलेल्या गोळीत एमडीएमएच आहे याची खात्री कोण देणार. पीएमए नावाचं एक रसायन एक्स्टसीच्या नावाने विकलं गेलंय, ते हळू चढतं, घेणाऱ्याला वाटतं माल कमजोर आहे म्हणून तो अजून एक घेतो आणि मग अंगाचं तापमान इतकं वाढतं की माणूस हाताबाहेर जातो. असे मृत्यू झालेत. आता विचार कर, तुला एसएसआरआयमुळे चढत नाहीये का गोळीत पीएमए आहे म्हणून, हे तिथे भिंतीला टेकून तुला ओळखता येणार होतं का?

आता ते चार दिवस. एस्सिटालोप्रॅम रक्तात निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणजे चार दिवसांनी ते बरंच उतरलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच गरगरणं, चिडचिड, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांना तर एकदोन दिवसांतच जाणवतं. फ्लुऑक्सेटिनचं उलटं, ते आणि त्याच्यापासून शरीरात बनणारं नॉरफ्लुऑक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं, चार दिवस बंद ठेवून त्याला काही फरक पडत नाही. आणि नशेनंतर दोनतीन दिवसांनी जो उदासपणा येतो तो, गोळी सोडल्याचा त्रास आणि तुझं मूळचं डिप्रेशन, तिन्ही एकाच आठवड्यात गाठतील. आठ महिन्यांची कमाई एका रात्रीसाठी घालवण्यासारखं आहे का ते तूच ठरव.

जाता जाता, 'पार्टीत भरपूर पाणी पी' हा सल्लाही अर्धाच खरा आहे. एसएसआरआयमुळे काहींच्या रक्तातलं सोडियम खाली जातं, एमडीएमएमुळेही शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरतं, त्यात कोणी भीतीपोटी बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या तर मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकते. तहान लागेल तसं घोटघोट प्यायचं, पैज लावल्यासारखं नाही.

प्रश्न: आमच्यातला एकजण व्हेन्लाफॅक्सिन घेतो. एका रात्री त्याने ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्या घेतल्या आणि वर थोडं कोकेन. दोनेक तासांत तो घामाने निथळायला लागला, पाय थरथरत होते, काहीतरी असंबद्ध बडबडत होता, अंग चटका बसेल एवढं गरम. आम्ही घाबरलो पण दवाखान्यात नेलं नाही, पोलिसांचं लफडं नको म्हणून. पॅरासिटामॉल दिली, ओलं फडकं ठेवलं, पहाटे तो झोपला. दुसऱ्या दिवशी ठीक होता. काय होतं ते? आणि पॅरासिटामॉलने ताप का उतरला नाही?

उत्तर: पत्रावरून निदान करत नाही मी, पण तुम्ही वर्णन केलंय ते सेरोटोनिन सिंड्रोमच्या चित्राशी जवळपास तंतोतंत जुळतं. आणि तो झोपला तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं असेल, मला वाचताना अंगावर काटा आला. ट्रामाडॉल श्वासही मंद करतं आणि त्याने फिटही येते. तो झोपलाय का बेशुद्ध आहे हे बघायला कोणी जागं होतं का?

व्हेन्लाफॅक्सिन सेरोटोनिनचं दार अडवतं, ट्रामाडॉल दुखण्याची गोळी असली तरी तेही तेच करतं, कोकेनही करतं. तिघांनी मिळून एकच नळ उघडा ठेवला असं समजा. सेरोटोनिन फक्त मूडचं नाही, ते आतड्यात, पाठीच्या कण्यात, स्नायूंच्या ताणात सगळीकडे काम करतं. म्हणून जुलाब, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, घाम, अस्वस्थपणा आणि मुख्य म्हणजे ते पाय. निम्म्याहून जास्त लोकांना हे पहिल्या सहा तासांतच होतं, आणि बहुतेकांना २४ तासांच्या आत.

पायांचं सांगते, कारण आम्ही डॉक्टर निदान बऱ्याचदा तिथेच करतो. पेशंटला आडवं करायचं, गुडघा थोडा वाकवायचा आणि पाऊल झटकन वर दाबून धरायचं. तुमचंआमचं पाऊल तिथेच थांबतं. याचं पाऊल तुमच्या तळहातावर टक टक टक करत उडत राहतं, तुम्ही दाब सोडेपर्यंत. याला क्लोनस म्हणतात. मी शिकाऊ असताना पहिल्यांदा हाताला ते जाणवलं तेव्हा मला वाटलं पेशंट मुद्दाम करतोय, सिनियरनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि सिस्टरना बर्फ आणायला सांगितला. २००३ साली छापले गेलेले 'हंटर निकष' म्हणून जे निदानाचे नियम आहेत त्यातही मुख्य भर या क्लोनसवरच आहे.

आता पॅरासिटामॉल. साध्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर गेलेला असतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथे थर्मोस्टॅटचा संबंधच नाही, स्नायू सतत आवळून थरथरतायत आणि त्यांचीच उष्णता साठतेय, त्यामुळे पॅरासिटामॉलचे कितीही डोस दिलेत तरी काही होणार नाही. हॉस्पिटलमध्ये आधी कारण असलेली सगळी औषधं थांबवतात, स्नायू सैल करायला डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं इंजेक्शन देतात, बाहेरून अंग गार करतात, आणि लागलं तर सायप्रोहेप्टाडिन देतात. हो, तेच भूक लागावी म्हणून देतात ते जुनं ॲलर्जीचं औषध, ते सेरोटोनिनचे काही रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवतं. तापमान ४१ च्या वर गेलं तर पेशंटला पूर्ण शिथिल करून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं. आता सांगा यातलं काय तुमच्या ओल्या फडक्याने झालं असतं?

पुन्हा असं कोणाला दिसलं तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा आणि काय काय घेतलंय ते खरं खरं सांगा, डॉक्टरला पहिली गरज त्या माहितीची असते. लफडं निस्तरता येतं.

या प्रकारातल्या सगळ्यात धोकादायक गोळ्या म्हणजे एमएओआय नावाचा डिप्रेशनच्या गोळ्यांचा गट, जुन्या फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन आणि नंतर आलेली मोक्लोबेमाइड वगैरे. या सेरोटोनिन मोडणारं यंत्रच बंद करतात. मोक्लोबेमाइड आणि एक्स्टसी एकत्र घेऊन चारजण गेल्याची नोंद २००३ सालच्या एका वैद्यकीय लेखात आहे. डॉक्टर स्वतःसुद्धा जुन्या एमएओआय बंद केल्यावर १४ दिवस थांबून मगच एसएसआरआय सुरू करतात, आणि फ्लुऑक्सेटिनवरून एमएओआयवर जायचं असेल तर पाच आठवडे. आमचीच औषधं एकमेकांत मिसळताना आम्ही एवढे घाबरतो.

प्रश्न: पॅरॉक्सेटिन चालू आहे. कफ सिरप जास्त प्यायलं तर काय होतं? ते तर मेडिकलमध्ये मिळतं, सेफच असणार ना. (वय १९)

उत्तर: नाही. खोकल्याच्या बऱ्याच औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. तेही सेरोटोनिनचं दार अडवतं आणि ते मोडणारं एन्झाइम वर सांगितलं तेच, जे तुझ्या पॅरॉक्सेटिनने बंद करून ठेवलंय. म्हणजे दुसऱ्याने तेवढंच प्यायलं तर त्याला जे होईल त्याच्या कित्येक पट तुझ्या रक्तात, आणि वर सेरोटोनिन सिंड्रोमची टांगती तलवार. कोडीनवालं सिरप असेल तर गंमत उलटी, कोडीनचं मॉर्फिन बनवायचं काम त्याच एन्झाइमचं, त्यामुळे चढतच नाही आणि मग पोरं अजून ओततात. बाटलीत बाकीची औषधंही असतात, पॅरासिटामॉल असेल तर लिव्हर जातं. साधा खोकला झाला तरी तू केमिस्टला पॅरॉक्सेटिनचं नाव सांगूनच औषध घे.

प्रश्न: मला बायपोलार आहे, लिथियम आणि सर्ट्रालिन चालू आहेत. मॅजिक मशरूमने डिप्रेशन कायमचं जातं असं सगळीकडे वाचतोय. औषधांना कंटाळलोय. थोडंसं घेऊन बघावं म्हणतो.

उत्तर: कंटाळा समजतो मला. लिथियमची रक्त तपासणी, हाताची थरथर, सतत लघवी, कोण कंटाळणार नाही. तरी यावेळी मी आढेवेढे घेत नाही: लिथियम चालू असताना मशरूम किंवा एलएसडी अजिबात नको. हे मिश्रण घेतलेल्या लोकांना फिट आल्याच्या इतक्या नोंदी जमल्यात की यावर 'थोडंसं' हा शब्द चालत नाही. त्यात बायपोलार, म्हणजे मेनिया (अति उत्साहाचा, बेभान झटका) उसळायची भीती वेगळी, आणि म्हणूनच सिलोसायबिनच्या, म्हणजे या मशरूममधल्या नशेच्या रसायनाच्या, अभ्यासांत बायपोलार असलेल्यांना सहसा घेतही नाहीत. तुम्ही जे वाचताय ते प्रयोग माणसं निवडून, तपासून, दोन थेरपिस्ट शेजारी बसवून केलेले असतात. घरी सोफ्यावर तसं होत नाही.

सर्ट्रालिनपुरतं बोलायचं तर एसएसआरआय दीर्घकाळ घेणाऱ्या अनेकांना एलएसडी, मशरूमचा परिणाम कमी जाणवतो. पण सगळ्यांना नाही, आणि 'अजून थोडं घेऊ' हा सापळा इथेही आहेच. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन ज्या रिसेप्टरला अडवतात नेमका तोच या पदार्थांना लागतो म्हणून तिथेही फिकं पडतं. आयाहुआस्का मात्र या रांगेत बसवू नका, त्या काढ्यात हार्मिन, हार्मालिन असतं, म्हणजे निसर्गातलं एमएओआयच, एसएसआरआयबरोबर ते थेट वरच्या व्हेन्लाफॅक्सिनवाल्या मुलासारखं प्रकरण. 'नैसर्गिक आहे' म्हणून सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती किंवा ५-एचटीपीच्या (शरीरात त्याचंच सेरोटोनिन बनतं) कॅप्सूल गोळ्यांबरोबर घेणाऱ्यांनाही हेच लागू.

गोळ्यांनी भागत नसेल तर डॉक्टरांशी त्याच्या पुढच्या उपायांवर बोला, लिथियमचा डोस, बदल, थेरपी. एस्केटामिनचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाला, तो औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, दवाखान्यात बसवून, दोन तास लक्ष ठेवून देतात. बायपोलारमध्ये तो निर्णय अजून जपून घ्यावा लागतो. पण लिथियम स्वतःहून सोडू नका, अचानक सोडलं की मेनिया परत यायची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा आहे. डॉक्टरांनी त्याला ब्युप्रोपियॉन दिलंय. तो गांजा ओढतो हे मला माहीत आहे, डॉक्टरांना नाही. दोन्ही एकत्र चालतं का? का मी गोळ्या लपवून ठेवू?

उत्तर: ताई, गोळ्या लपवू नका, त्याने एकच होईल, तुमच्यावरचा त्याचा विश्वास जाईल आणि गांजा तसाच राहील.

गांजा आणि ब्युप्रोपियॉन एकत्र घेऊन लगेच काही भयंकर घडेल असं सहसा नसतं. मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. ब्युप्रोपियॉनमुळे फिट येण्याचा उंबरठा खाली येतो. दिवसाला ३०० एमजीपर्यंत हजारात साधारण एकाला, ४५० एमजीला हजारात चारएक जणांना फिट येते. आकडा छोटा आहे, पण कोकेन, एमडीएमए, ट्रामाडॉल यातलं काही त्यात पडलं किंवा रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर छोटा राहत नाही. तेव्हा गांजाबरोबर अजून काय चालतं हे शांतपणे विचारा. दारूचंही विचारा. अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन असल्या झोप आणणाऱ्या गोळ्यांवर दारू म्हणजे झोपेवर झोप, ड्युलोक्सेटिनवर जास्त दारू म्हणजे लिव्हरची वाट.

गांजाचं इतरांसाठीही थोडं सांगते. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांवर गांजा ओढून नाडी धडाधड पळाल्याच्या नोंदी आहेत. आणि गांजाच्याच झाडातलं सीबीडीचं तेल जे 'नशा नाही' म्हणून घेतलं जातं ते सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, रक्तातलं प्रमाण वाढतं. सिटालोप्रॅम जास्त झालं की हृदयाच्या ठोक्याच्या लयीवर परिणाम होतो, म्हणूनच २०११ पासून ४० एमजीच्या वर ते देऊ नये असं अमेरिकेतल्या औषध नियामकांनी सांगितलंय.

बाकी रोज गांजा ओढला की डिप्रेशनची गोळी लागू पडतेय का नाही हेच कळत नाही. निरुत्साह गांजाचा का आजाराचा? डॉक्टर बिचारे डोस वाढवत बसतात.

प्रश्न: डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते गोळ्या बंद करतील किंवा घरी सांगतील अशी भीती वाटते. तुम्ही तर म्हणणारच की सांगा.

उत्तर: म्हणणारच. पण तुमची भीती खोटी नाही, नशेचं नाव काढल्यावर पेशंटला तोंडावर झाडणारे माझे सहकारी मी पाहिलेत, त्यांच्यामुळे पुढचे दहाजण गप्प बसतात. तसा भेटला तर डॉक्टर बदला, माहिती लपवू नका.

१९८४ सालची न्यूयॉर्कमधली लिबी झायन हिची गोष्ट आम्हाला शिकवतात. १८ वर्षांची मुलगी, डिप्रेशनसाठी फेनेल्झिन चालू, ताप आणि अंगाला झटके म्हणून रात्री हॉस्पिटलमध्ये आली, तिथे तिला पेथिडिन नावाचं तीव्र वेदनाशामक दिलं गेलं आणि सकाळपर्यंत ती गेली. फेनेल्झिन म्हणजे वर सांगितलेलं एमएओआय, त्यावर पेथिडिन द्यायचंच नसतं. तिने कोकेन घेतलं होतं का यावर पुढे कोर्टात बरंच भांडण झालं. दमलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा मुद्दाही निघाला आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात त्यांचे कामाचे तास आठवड्याला ८० वर आणले. एवढ्या मोठ्या शहरात, डॉक्टरांच्या हाताखाली, दोन औषधांच्या नावांची गाठ वेळेवर पडली नाही.

बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून द्या. काय, किती वेळा, शेवटचं कधी, बरोबर काय. मोबाईलवर टाईप करून फोन पुढे केलात तरी चालेल. माझ्याकडे एक मुलगी सहा महिने येत होती, सहाव्या महिन्यात तिने निघताना दरवाज्यात उभं राहून, पाठ माझ्याकडे ठेवून, सांगितलं. चाललं. त्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो आणि पहिल्या पानापासून केस लिहिली.

प्रश्न: मी दारू नाही, सिगरेट नाही, काहीच नाही. फक्त कॉफी. तेवढी तरी चालेल ना? फ्लुवॉक्सामिन चालू आहे.

उत्तर: अहो, तुम्हालाच नेमकं नाही म्हणावं लागणार! बाकी कुठलीही एसएसआरआय असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण फ्लुवॉक्सामिन कॅफीन मोडणारं एन्झाइम इतकं दाबतं की एका अभ्यासात कॅफीन रक्तात निम्मं व्हायला ५ तासांच्या जागी ३१ तास लागले. म्हणजे सकाळची कॉफी दुसऱ्या दिवशी सकाळीही तुमच्या अंगात असते आणि तुम्ही तिच्यावर अजून एक ओतता. झोप येत नाही, हात कापतात, छातीत धडधडतं अशी तक्रार असेल तर डोस वाढवून मागण्याआधी आठवडाभर एका छोट्या कपावर राहून बघा, तोही सकाळीच, आणि काय फरक पडला ते पुढच्या व्हिजिटला सांगा.